पोलंडची जुनी मेडल्स : मुकुट नसलेला गरुड म्हणजे डुप्लिकेट का?

रंकाळ्याचा_पोरगा :

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, गेली तीन वर्षं वॉर्सॉत नोकरीला आहे. लहानपणी नाणी, काडेपेट्यांचे छाप, एसटीची तिकिटं असं सगळं गोळा करून झालंय त्यामुळे आई म्हणते तुझा रोग जुनाच आहे, नुसता देश बदललाय. इथे वोला भागात दर रविवारी जुना बाजार भरतो, बाझार ना कोले म्हणतात त्याला. आपल्या जुन्या बाजारासारखाच, जमिनीवर चादर अंथरून कुणी कॅमेरे, कुणी चमचे, कुणी मोडकी घड्याळं घेऊन बसलेलं असतं. तिथे एका आजोबांकडे काचेच्या झाकणाच्या पेटीत मेडल्स दिसली आणि झालं, फसलो. आता दर रविवारी सकाळी सातला थंडीत उठून जातो, बायको म्हणते ऑफिसला कधी असा उठत नाहीस.

आतापर्यंत तीन घेतलीत. पहिलं लाल एनॅमलचा सोनेरी क्रॉस, मधे पांढऱ्या गोलात पी-आर-एल अशी अक्षरं. दुसरं साधारण त्याच आकाराचं पण ब्राँझचं, एनॅमल नाही, मधे आर-पी. आणि तिसरं, ज्यासाठी हा धागा काढलाय, पांढऱ्या एनॅमलचा आठ टोकांचा क्रॉस, मधे लाल गोलात पांढरा गरुड, भोवती निळ्या कड्यात पोलोनिया रेस्तितुता असं लिहिलेलं. आजोबा म्हणाले प्शेदवोयेन्नी, म्हणजे युद्धाआधीचं, आणि त्याच हिशोबाने पैसे पण घेतले. घरी येऊन भिंग लावलं तर मागे १९४४. आता मला सांगा, युद्ध सुरू झालं १९३९ला, मग युद्धाआधीच्या मेडलवर १९४४ कसं काय? सोमवारी ऑफिसात एका पोलिश कलीगला फोटो दाखवला तर तो म्हणाला अरे आमच्या गरुडाच्या डोक्यावर मुकुट असतो, ह्याला नाहीये, नकली दिसतंय. तेव्हापासून जेवण गोड लागेना.

शिवाय दुसरा एक माणूस व्हिर्तुती मिलितारी, म्हणजे पोलंडचं लढाईतल्या शौर्याचं पदक, दाखवतोय, मागे १८३१ आहे. म्हणतो रशियाविरुद्धच्या १८३०च्या उठावातला क्रांतिकारकांचा क्रॉस, घ्यायचा तर घे नाहीतर पुढच्या रविवारी जाईल. किंमत माझं दोन महिन्यांचं भाडं. घेऊ का? आणि एकूणच सुरुवात कुठून करायची, कुणी जाणकार असेल तर सांगा प्लीज.

नाणेवेडा :

घेऊ नकोस. आधी हे वाच, मग बाकीचं. १८३१वाला क्रॉस क्रांतिकारकांचा नाही, त्यांना चिरडणाऱ्यांचा आहे.

झालं असं की व्हिर्तुती मिलितारी सुरू केलं स्तानिस्वाव आवगुस्त पोन्यातोव्स्की राजानं, जून १७९२ मधे, रशियाविरुद्धच्या लढाईत झ्येलेन्त्सेला विजय मिळाला त्यानंतर लगेच. पहिल्या मानकऱ्यांत राजाचा पुतण्या युझेफ पोन्यातोव्स्की आणि तादेउश कोश्चुश्को. आणि त्याच वर्षी राजानं शत्रूच्या बाजूच्या सरदारांपुढे मान तुकवली आणि हेच पदक घालायला बंदी! म्हणजे ज्यानं दिलं त्यानंच काढून घेतलं. पुढे नेपोलियनच्या काळात परत आलं, १८३०-३१च्या उठावात उठाववाल्या सरकारनंही वाटलं, त्या क्रॉसवर मागे १७९२च असायचं. उठाव मोडल्यावर झार पहिल्या निकोलसनं काय केलं, तर हाच क्रॉस थोडाफार बदलून मागे १८३१ घालून आपल्याच रशियन सैनिकांना वाटला, वॉर्सॉ जिंकल्याबद्दल. हरलेल्याचं शौर्यपदक जिंकणाऱ्याच्या छातीवर, ह्याच्याहून वाईट टोमणा काय असणार. ते भरपूर वाटले गेले त्यामुळे आजही बाजारात जास्त दिसतात ते हेच. खरा असेल तर तोही इतिहासच आहे, मी स्वतः एक ठेवलाय, पण "उठावातला क्रॉस" म्हणून त्याचे पैसे द्यायचे नाहीत. विकणाऱ्याला बहुतेक माहिती असतं बरं का, तो आपलं तोंड बघून बोलतो.

आता तुझा गरुड. तुझं पदक नकली नाही, म्हणजे फोटो बघितल्याशिवाय शंभर टक्के नाही सांगत पण मुकुट नाही आणि मागे १९४४ हे दोन्ही एकमेकांशी जुळतंय, उलट मुकुट असून १९४४ असता तर मी घाबरलो असतो. पोलोनिया रेस्तितुता फेब्रुवारी १९२१ला सुरू झालं, तेव्हा गरुडाला मुकुट आणि मागे १९१८, पोलंड स्वतंत्र झाला ते वर्ष. युद्धानंतर कम्युनिस्ट आले, त्यांच्या लेखी देश जन्माला आला जुलै १९४४ला, लुब्लिनमधे त्यांची समिती बसली तेव्हा. म्हणून मागचं वर्ष बदललं आणि राजेशाहीची खूण म्हणून मुकुटही उडवला. मुकुट परत आला १९८९च्या अगदी शेवटी कायदा बदलला तेव्हा, आणि मागचं वर्षही परत १९१८ झालं. तर तुझ्या आजोबांनी तुला युद्धाआधीचं म्हणून युद्धानंतरचं दिलं, आणि तुझ्या कलीगनं खऱ्याला नकली म्हटलं. दोघंही चुकले, तू फक्त पैशात गंडलास, मेडलमधे नाही.

पी-आर-एल म्हणजे पोल्स्का झेचपोस्पोलिता लुदोवा, पीपल्स रिपब्लिक, हे नाव १९५२ला आलं. तो क्रॉस म्हणजे क्शिश झास्वुगी, क्रॉस ऑफ मेरिट, सोनं चांदी ब्राँझ अशा तीन पायऱ्या. पी-आर-एल लिहिलेला १९५२नंतरचा, त्यात डोकं लावायचं कामच नाही. डोकं लागतं ते तुझ्या ब्राँझच्या आर-पीला. आर-पी म्हणजे झेचपोस्पोलिता पोल्स्का, नुसतं पोलंडचं प्रजासत्ताक. ही अक्षरं १९२३ ते ३९ मधे होती, युद्धात लंडनला पळून गेलेल्या सरकारच्या क्रॉसवरही होती, वॉर्सॉच्या नव्या सरकारनंही ५२ पर्यंत तेच चालवलं आणि आता परत तेच आहे. एकाच अक्षरांच्या चार पिढ्या. त्यामुळे मागचा फोटो, कडेचा फोटो, वरच्या कडीचा फोटो टाक. बनवणाऱ्याचा शिक्का असेल तर निम्मं काम होतं.

अतिशहाणा_ठाणेकर :

दोन महिन्यांचं भाडं देऊन रशियन शिपायाचं मेडल घेणार होता भाऊ 😂 वहिनींनी घराबाहेर काढला असता तर त्या बाजारातच चादर टाकून बसायला लागलं असतं.

रंकाळ्याचा_पोरगा :

@नाणेवेडा काका लाख लाख धन्यवाद, खरंच वाचवलंत. फोटो टाकलेत खाली. ब्राँझवर मागे शिक्काबिक्का काही दिसत नाही, गुळगुळीत आहे, पिन आहे कपड्याला लावायची ती पण वाकडी.

@ठाणेकर गप रे.

नाणेवेडा :

फोटो बघितले. पोलोनिया पाचव्या क्लासचा, नाइट्स क्रॉस, सत्तरच्या आसपासचा वाटतोय, खरा आहे. डाव्या हाताच्या टोकाला एनॅमल उडालंय तिकडे झूम कर, कडा शिंपल्यासारखी फुटलीय बघ. काचेचं एनॅमल असंच फुटतं. नकलीला प्लास्टिकसारखा रंग भरलेला असतो, तो नखानं दबतो नाहीतर सालपट निघतं, आणि हात लावला की काचेचा गारवा लागत नाही.

ब्राँझवाल्याचं मात्र मला बरं वाटत नाहीये. अक्षरांच्या कोपऱ्यात बारीक बारीक खड्डे दिसतायत, देवीच्या व्रणांसारखे. टांकसाळीत ठशाखाली दाबून काढलेल्या पदकाचा पृष्ठभाग असा नसतो, तिथे कडा धारदार येतात. खड्डे म्हणजे साच्यात ओतलेलं, म्हणजे कुणीतरी खऱ्याचा साचा घेतला आणि ओतून काढलं. शिवाय ओतीव माल थंड होताना किंचित आक्रसतो त्यामुळे खऱ्यापेक्षा केसभर लहान भरतो, व्हर्नियर कॅलिपर असेल तर माप घे आणि कुणाकडच्या खात्रीच्या क्रॉसशी ताडून बघ. किती दिले होतेस?

रंकाळ्याचा_पोरगा :

४० झ्वोती. म्हणजे दोघांचं बाहेरचं जेवण पण नाही.

नाणेवेडा :

मग शाळेची फी समज आणि ठेव, टाकू नकोस. खोटं कसं दिसतं ते बघायला हाताशी एक खोटं असावंच लागतं. माझ्याकडे एक पूर्ण डबा आहे असल्या फीच्या पावत्यांचा.

गडकिल्ले_मनोहर :

नाणेवेडा साहेब तुमचा अभ्यास दांडगा आहे पण एक वेगळं मत मांडतो, राग नसावा. कम्युनिस्ट काळातली ही मेडल्स गोळा करण्यात अर्थ काय? पोत्यानं वाटली त्यांनी. राजवटीला दहा वर्षं झाली घ्या मेडल, तीस वर्षं झाली घ्या मेडल, चाळीस झाली घ्या मेडल. खरा मान १९३९च्या आधीचा. घ्यायचं तर १९२०च्या बोल्शेविक युद्धातलं व्हिर्तुती घ्यावं, नाहीतर पैसे साठवावेत. ब्रेझनेवला सुद्धा दिलं होतं की यांनी व्हिर्तुती, तेही सगळ्यात वरचं!

नाणेवेडा :

राग कसला. ब्रेझनेवचं खरं आहे, १९७४ला ग्रँड क्रॉस दिला आणि १९९०ला रद्द केला. पण मनोहरराव म्हणूनच तर मजा आहे ना. एकच पदक, १७९२ला राजानं दिलं आणि बंद केलं, झारनं चोरलं, १९१९ला परत आलं, मग १९३९नंतर एकाच नावाचं पदक लंडनचं सरकार पण देतंय आणि पुढे वॉर्सॉचं सरकार पण देतंय आणि दोघं एकमेकांना खोटं म्हणतायत. कुठलं खरं? मी म्हणतो दोन्ही ठेवा शेजारी शेजारी, एकाच्या गरुडाला मुकुट, एकाच्या नाही, आणि बघणाऱ्याला ठरवू दे.

आणि पोत्यानं वाटली म्हणता त्यात सगळं एका मापात तोलू नका. "ओडर, निसे, बाल्टिकसाठी" असं एक मेडल आहे १९४५चं, ते ज्यांना मिळालं ती माणसं लढत लढत त्या नद्यांपर्यंत चालत गेलेली. "वॉर्सॉसाठी १९३९-१९४५" त्याच वर्षीचं. कम्युनिस्टांनी दिलं म्हणून त्या शिपायाच्या पायाचे फोड खोटे ठरत नाहीत. नवख्यानं इथूनच सुरू करावं असं माझं मत, स्वस्त आहेत, नकली कमी कारण स्वस्त वस्तूची नक्कल कोण करणार, आणि हात बसतो. धातू ओळखता येतो, रिबन ओळखता येते. आणि पोराला एकदम १९२०च्या व्हिर्तुतीवर पाठवणं म्हणजे पोहायला शिकवायला थेट पन्हाळ्यावरून ढकलणं. त्यांच्या नकला लई भारी निघतात.

ऑर्डर ऑफ द व्हाइट ईगलचं तर नावच काढू नका. १७०५ला सुरू झालेलं, पोलंडचं सर्वात मोठं, ते पण १८३१नंतर झारनं उचललं आणि दोन डोक्यांच्या रशियन गरुडाच्या छातीवर हा पांढरा गरुड चिकटवला. कम्युनिस्टांनी ते कधी कुणाला दिलंच नाही, १९९२ला परत सुरू झालं. रविवारच्या चादरीवर दिसलं तर फक्त हसायचं आणि पुढे जायचं. सेंट स्तानिस्वावचं पण तेच, १७६५चं पोलिश, झारनं घेतलं आणि रशियात इतकं वाटलं की स्वतंत्र पोलंडला ते परत सुरू करावंसंच वाटलं नाही, त्याच्या जागी पोलोनिया रेस्तितुता काढलं. आज त्या नावानं खासगी मंडळी पैसे घेऊन क्रॉस देतात, चकचकीत असतात, सरकारशी संबंध शून्य, तेवढं सांभाळ.

लीड्सची_मावशी :

मी एरवी पाककृतींच्या धाग्यांवर असते, इकडे चुकून आले आणि वाचतच बसले. मला मेडल्समधलं काही कळत नाही पण एक आठवलं म्हणून लिहिते.

आमच्या गल्लीत एक पोलिश आजी राहायच्या, चार वर्षांपूर्वी गेल्या. मी नवीन होते तेव्हा त्यांनी विचारलं इंडियात कुठे, मी म्हटलं तुम्हाला नाही कळायचं, कोल्हापूरजवळ सांगली. तर त्या उठल्या आणि माझा हात धरला आणि म्हणाल्या वळिवडे! मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. लहानपणाची चार वर्षं त्या तिथे पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात राहिलेल्या. आधी सैबेरियात, मग इराण, मग कराचीहून कोल्हापूर. पंचगंगेत पोहायला जायचो, साप निघायचे, आंबे खाऊन तोंडाला चीक लागायचा असं सगळं सांगायच्या, मी रडायचीच बाकी होते.

तर मेडल. त्यांचे वडील त्या वेळी जनरल आंदेर्सच्या पोलिश फौजेत इटलीत. आजींच्या शोकेसमधे, चिनीमातीच्या बाहुल्यांच्या मागे, एक साधासा क्रॉस होता, रंग नाही चकाकी नाही, मला तर सायकलचा पार्ट वाटला होता. मधे चौकोनात मॉन्ते कासिनो, माय १९४४ लिहिलेलं, माय म्हणजे मे महिना. निळ्या-लाल पट्ट्यांची रिबन, उन्हानं निळा जवळजवळ राखाडी झालेला. मागे नंबर होता, तो नंबर मी विसरले पण त्यांना पाठ होता, टेलिफोन नंबरसारखा म्हणून दाखवायच्या. म्हणायच्या बाबा आले नाहीत, नंबर आला. त्या गेल्यावर मुलानं घर रिकामं केलं, त्यातलं बरंच एका सेकंडहँड दुकानाला दिलं असं ऐकलं. क्रॉस कुठे गेला माहीत नाही. रंकाळ्याच्या पोरा, तुला कधी तसला दिसला तर मागचा नंबर लिहून ठेव बाबा एवढंच.

नाणेवेडा :

मावशी तुम्ही म्हणता मेडलमधलं कळत नाही आणि धाग्यातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्हीच सांगितलीत.

मॉन्ते कासिनोचा क्रॉस हा शौर्यपदक नाही, त्या लढाईत हजर असलेल्या प्रत्येकासाठी स्मारक म्हणून काढलेला. मॉन्ते कासिनो म्हणजे इटलीतल्या डोंगरावरचा मठ, १८ मे १९४४ला पोलिश दुसऱ्या कोअरनं, म्हणजे आंदेर्सच्याच फौजेनं, त्याच्या अवशेषांवर झेंडा लावला. त्याआधी फेब्रुवारी-मार्चमधे तिथेच आपली चौथी इंडियन डिव्हिजन रक्त सांडून परत फिरली होती, हे आपल्याकडे फार कुणी सांगत नाही. पोलंडचं लंडनमधलं सरकार होतं, त्यांनी ४८ हजारांच्या वर क्रॉस दिले आणि प्रत्येकावर मागे नंबर. कुठला नंबर कुणाला दिला त्याच्या याद्या आहेत त्यामुळे क्रॉस हातात आला की त्या शिपायाच्या नावापर्यंत जाता येतं. म्हणून नंबर घासलेला क्रॉस निम्म्या किमतीत मिळाला तरी मी घेत नाही. तो कुणाचा तरी होता आणि कुणीतरी मुद्दाम नाव पुसलंय.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, पोरा. नुसता धातू घेऊ नकोस, कागद माग. पोलिशमधे लेगितिमात्स्या म्हणतात, पदकाबरोबर दिलेलं छोटं पुस्तक किंवा कार्ड, त्यावर नाव, तारीख, क्रमांक, सही. बाजारवाले काय करतात, मेडल एकाला विकतात आणि कागद दुसऱ्याला, आणि एका माणसाची पाच पदकं असतील तर पाच गिऱ्हाइकांना पाच. असा संच मोडला की परत जुळत नाही. मी सुरुवातीला स्वतः तेच केलंय, एका लॉटमधून फक्त क्शिश वालेच्निख उचलला कारण बाकीचं "फालतू" वाटलं. क्शिश वालेच्निख म्हणजे १९२०चा शौर्याचा क्रॉस, समोर "ना पोलू ख्वावी", रणांगणावर. एका माणसाला चार वेळा मिळू शकतो, मग रिबनवर पट्ट्या लागतात. त्या फालतू ढिगात त्याच माणसाचा ओळखपत्राचा फोटो होता हे मला दोन वर्षांनी कळलं, तोवर तो ढीग कुठल्या कुठे गेला. ह्या क्रॉसवर वर्षावरून फसू नकोस हां, लंडनवाल्यांनी दुसऱ्या महायुद्धात दिलेल्या कितीतरी क्रॉसवरही १९२०च आहे, तिकडे पूर्वेकडून रशियाबरोबर आलेल्या पोलिश फौजेच्या क्रॉसवर १९४३ नाहीतर १९४४ सापडतं.

उजळाईवाडी_एक्सप्रेस :

आयला ह्या धाग्यात कोल्हापूर निघालं आणि मला कुणी बोलावलं न्हाई.

मावशी तुमच्या त्या आजींचा वळिवडे कॅम्प म्हंजे आत्ताचं गांधीनगर. पोलंडची माणसं १९४३ ते ४८ हुती, पाचेक हजार, बहुतेक बायका आन पोरं. ती गेल्यावर त्या बराकीत फाळणीतनं आलेले सिंधी राहिले आन आता आख्खा कोल्हापूर जिल्हा लग्नाचा बस्ता बांधायला तिथंच जातोय. आमच्या आज्जाचा थोरला भाऊ कॅम्पात दूध घालायचा. सांगायचा बायका लई टापटीप, पडदे लावायच्या बराकीला, चर्च हुतं, शाळा हुती, थेटर हुतं. महावीर गार्डनमधी त्यांचा स्तंभ हाय, आमी कॉलेज चुकवून त्याच्या खालीच बसायचो, काय लिवलंय ते कधी वाचलं न्हाई. लाज वाटती आता.

आता माझा सवाल. त्या बायकांचे नवरे आंदेर्सच्या फौजेत, मग मेडलं कोल्हापुरात राहिली असतील का कुठं? जुन्या बाजारात, मोडीत, सोनारकट्ट्यात? मी उद्यापासनं बघायला सुरवात करतो 😄

नाणेवेडा :

एक्सप्रेसराव, आशा सोडू नका पण फार धरूही नका. मॉन्ते कासिनोचे क्रॉस वाटायला लागले युद्ध संपत आलं तेव्हा, आणि कॅम्पातली कुटुंबं दोन-तीन वर्षांत इंग्लंड आणि कुठे कुठे निघून गेली, जी वस्तू बाप मेल्यावर पोस्टानं येते ती कुणी मोडीत घालून जात नाही. मिळालंच तर कॅम्पातल्या स्काउटचा बॅज, शाळेची वही, फोटो असं काही मिळेल आणि ते मेडलपेक्षा दुर्मिळ. जुन्या बाजारात परदेशी अक्षरांचं काही दिसलं तर विकत घ्यायच्या आधी फोटो काढा आणि इथे टाका.

पोलंडनं भारतीयाला दिलेलं पदक बघायचं तर जामनगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींचं आठवा, बालाचडीला पोलिश मुलांना आसरा दिला त्याबद्दल मरणोत्तर, ऑर्डर ऑफ मेरिटचा कमांडर्स क्रॉस. हे पदकही मजेशीर, १९७४ला लंडनमधल्या निर्वासित सरकारनं परदेशी लोकांसाठी काढलं आणि कम्युनिझम गेल्यावर वॉर्सॉनं तेच पुढे चालवलं. म्हणजे पळून गेलेल्या सरकारचं पदक घरी परत आलं.

गडकिल्ले_मनोहर :

कोल्हापूरच्या छत्रपतींच्या संस्थानात पाच हजार माणसं राहिली आणि पदक फक्त जामनगरला ह्यावर एक वेगळा धागा काढायला हवा.

उजळाईवाडी_एक्सप्रेस :

काढा की. पयला प्रतिसाद माझा.

मृणाल_क्राकूफ :

मी क्राकूफमधे असते, इथे हाला तार्गोवाला पण रविवारी जुना बाजार असतो, नवरा जातो म्हणून मला थोडं माहिती. दोन व्यवहाराच्या गोष्टी कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. एक म्हणजे मातीचा वास येणारी, गंजलेली, "परवाच शेतात मिळाली" म्हणून सांगतात ती मेडल्स घेऊ नकोस. इथे मेटल डिटेक्टर घेऊन शोधायला प्रांताच्या स्मारक खात्याची परवानगी लागते आणि बहुतेकांकडे ती नसते, उद्या चौकशी आली तर तुझ्या घरापर्यंत येईल. आणि शेतात मेडल पडलेलं असतं ते कुणाच्या तरी छातीवरून, खाली काय असेल याचा विचार कर.

दुसरं म्हणजे भारतात न्यायचं असेल तर सुटकेसमधे मोज्यात गुंडाळून नेऊ नको. जुन्या वस्तू देशाबाहेर नेताना वय आणि किंमत दोन्ही बघतात, चाळीस झ्वोतीच्या मेडलला कोणी विचारणार नाही पण जुनं आणि महाग काही घेतलंस तर आधी त्याच खात्याच्या ऑफिसला मेल टाक, ते उत्तर देतात, उशिरा देतात पण देतात. बिल नसेल तर निदान विकणाऱ्याच्या टेबलासकट फोटो काढून ठेव.

आणि दिवाळीत कुर्त्यावर लावून फोटो टाकू नकोस 🙏 एका आपल्या माणसानं इथल्या कार्यक्रमात मजा म्हणून शेरवानीवर क्रॉस लावला होता. समोरच्या टेबलावर एक वयस्क पोलिश गृहस्थ होते, ते शांतपणे उठून आले आणि विचारलं, हे तुम्हाला कशाबद्दल मिळालं? त्याचा चेहरा बघवत नव्हता.

अतिशहाणा_ठाणेकर :

मृणालताई तो आपला माणूस म्हणजे तुमचा नवरा तर नव्हे ना 👀

मृणाल_क्राकूफ :

नो कमेंट्स.

रंकाळ्याचा_पोरगा :

मंडळी, रविवारचा रिपोर्ट. उशीर झाला कारण लिहायला घेतलं की परत पेटी उघडून बघत बसतो.

१८३१वाल्याकडे गेलो. म्हटलं हा रशियन सैनिकाचा आहे ना? तो दोन सेकंद बघत राहिला आणि म्हणाला, हो, पण तू विचारलं नव्हतंस. आणि लगेच किंमत तिसऱ्या हिश्श्यावर आली! तरी घेतला नाही, पण आता आमची मैत्री झालीय, त्यानं चहा पाजला, लिंबू घालून.

मग आजोबांकडे गेलो, ज्यांनी पोलोनिया दिलं होतं. भांडायला गेलो होतो खरं तर. म्हटलं आजोबा हे युद्धाआधीचं नाही, गरुडाला मुकुट कुठाय. त्यांनी चष्मा वर केला, मेडल हातात घेतलं, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, दुसऱ्या युद्धाआधीचं म्हणालो, तिसऱ्या युद्धाआधीचं पण आहेच की. आता ह्या माणसाशी काय भांडणार. मग नाणेवेडा काकांनी सांगितलं होतं तसं विचारलं, लेगितिमात्स्या? तर त्यांनी टेबलाखालून बुटांचा खोका काढला, त्यात रबर लावलेले शंभर एक कागद, कार्डं, छोटी पुस्तकं. सगळी मेडलपासून तोडलेली. म्हणाले हे कोण घेतं, कागद आहे. मी थंडीत उकिडवा बसून दीड तास शोधलं, ग्लोव्ह्ज काढायला लागले, बोटं सुन्न. माझ्या पोलोनियाचं काही मिळालं नाही आणि मिळालं असतं तरी ओळखणार कसा, मेडलवर नंबरच नाही. पण एक लाल पुस्तक मिळालं, आत गोल्ड क्रॉस ऑफ मेरिट, १९६२, रादा पान्स्त्वा म्हणजे तेव्हाच्या राज्य परिषदेचा शिक्का, नाव एका बाईचं. आणि त्यात घडी घातलेला कागद, पेन्सिलनं काहीतरी लिहिलेलं. ऑफिसातल्या त्याच कलीगला वाचायला दिला. वाणसामानाची यादी आहे. पीठ, साखर, दोन काडेपेट्या, बटण पांढरं.

पुस्तकाचे वीस झ्वोती दिले. त्यांच्याच पेटीत पी-आर-एलचे तीन सोनेरी क्रॉस होते, त्यातला तिचा कुठला किंवा तिचा त्यात होता का हे कळायला मार्ग नाही, आजोबांना पण आठवत नाही. सध्या पुस्तक वेगळ्या पाकिटात ठेवलंय, यादीसकट.

मावशी, मॉन्ते कासिनोचा क्रॉस अजून दिसलेला नाही पण येता-जाता आंदेर्स रस्त्यावरच्या मॉन्ते कासिनो स्मारकाजवळून जातो, तिथे बाजूलाच आपल्या कोल्हापूरच्या कॅम्पचं छोटं स्मारक आहे. तीन वर्षं समोरून ट्रामनं जात होतो. परवा उतरलो. दिसला क्रॉस तर नंबर आधी तुम्हालाच पाठवतो, तुम्हाला ऐकून कदाचित आठवेल.

काका एक शेवटचं, पोलोनियाची रिबन फार मळलीय, लाल पट्टा ठीक आहे पण कडेचे पांढरे पट्टे पिवळट तपकिरी झालेत. बायको म्हणते कोमट पाण्यात शांपू टाकून धुऊ. धुवू का?

नाणेवेडा :

नको. लाल रंग पांढऱ्यात उतरेल. वहिनींना सांग तसंच राहू दे, आणि मेडलला पण ब्रासो लावू नकोस, मी ओळखतो तुम्हा कोल्हापूरकरांना, चकाकी दिसली की जीव शांत होतो. मऊ कोरड्या कापडानं धूळ पुस, रिबनच्या आतल्या घडीचा फोटो काढ, जिथे ऊन लागलेलं नाही तिथला खरा रंग दिसेल, आणि तो इथे टाक.